तो कॅम्पला गेलाय

"तो कॅम्पला गेलाय!"

वाक्य तोंडातून निघून गेलं, तेव्हा ताईचे डोळे दारातल्या मुलीकडे नव्हतेच. हॉकीच्या गोलपोस्टची फाटकी जाळी तिच्या खांद्यावरून खोलीभर पसरली होती, बोटांत गाठ अर्धवट अडकली होती, आणि ती सुटू नये म्हणून ताईने दाराची साखळी न काढताच, फटीतून, मान खाली घालून ते वाक्य फेकलं होतं. आत न्हाणीघरात पाणी धो धो पडत होतं आणि त्या आवाजावर ताण करत, कॅम्पला गेलेला तो इसम बेसूर गात होता...

मुलीने ते ऐकलं. 

"बरं, ताई," एवढंच म्हणून ती जिना उतरून गेली.

ताईने गाठ पुरी केली आणि मग तो शब्द तिच्या ध्यानात आला. ताई? आजवर या दारात येऊन गेलेल्या एकीनेही तिला ताई म्हटलं नव्हतं! कुणी मॅडम म्हणायची, कुणी "तुम्ही कोण त्याच्या?" असं वर तोंड करून विचारायची, एकीने तर तिला मोलकरीण समजून निरोप ठेवला होता. ताईने घाईघाईने साखळी काढली. बाहेर चपलांच्या फळीवर एक चष्म्याची डबी ठेवलेली होती. आत मागे रबरी पट्टा असलेला, खेळताना घालायचा नवाकोरा चष्मा होता.

भाऊ न्हाणीघरातून बाहेर आला. वय बत्तीस, उंची दाराला टेकणारी, साऱ्या मैदानाचा 'वादळ', पण ताईचा अजून छोट्याच. आज त्याने सकाळपासून घर झाडून काढलं होतं, स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करून त्यावर एक डागही पाडला होता. संध्याकाळी चष्मेवाली येणार होती, ताईला भेटायला, पहिल्यांदाच!

"कोण होतं गं?"

ताईने डबी पुढे केली.  "छोट्या... ती आत्ताच येईल असं मला कुठे ठाऊक होतं रे? माझ्या तोंडून... ते आपलं नेहमीचं..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

ते 'नेहमीचं' काय होतं, हे त्या शहरात निदान डझनभर मुलींना ठाऊक असेल. वादळाला पोरी फिरवायची भारी हौस. एकीला सिनेमा, दुसरीला नदीकाठ, तिसरीला नुसत्याच शपथा! आणि मग एक दिवस साहेब गायब. मुलगी घर शोधत दाराशी आली की साखळीच्या फटीतून ताई सांगणार, तो कॅम्पला गेलाय. संघाचे कॅम्प वर्षात दोन, पण ताईच्या तोंडून तो बारा महिने कॅम्पला असे. मैदानाच्या गोदामात ताई जाळ्या दुरुस्त करायची. पेनल्टी कॉर्नरवर भावाचा चेंडू असा सुटायचा की जाळीचे दोर तुटायचे. भावाने फाडायचं आणि बहिणीने शिवायचं, मैदानावरही आणि घरीही!

चष्मेवाली भेटली आणि हे सगळं थांबलं. दिव्यांच्या उजेडात चेंडू धूसर दिसतो, हे त्याने कोचपासून लपवलं होतं. चोरून नंबर काढायला तो तिच्या दुकानात गेला, नेहमीचं हसू हसला, आणि तिने भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून म्हटलं, "हसू नंतर. खालची ओळ वाचा." त्याला वाचता आली नाही. त्या दिवसापासून गडी बदलला. त्याने तिला आपलं सगळं सांगून टाकलं, अगदी दारातल्या त्या वाक्यासकट. "आता तू आलीस की ताई दार उघडेल," असं वचनही दिलं. आणि ताईला बजावलं, "ताई, ते वाक्य आता बंद." ताईने कानाला खडा लावला होता...

म्हणूनच तर त्या मुलीला एकही प्रश्न विचारावा लागला नव्हता. ते वाक्य कुणाला सांगितलं जातं, हे तिला पुरतं माहीत होतं!

"मी जाते," ताई पिशवी उचलून पायांत चप्पल सरकवू लागली. "तिच्या पाया पडते. सांगते, चूक माझी आहे."

"नाही." त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "पेनल्टी कॉर्नरला बचाव करणाऱ्यांतला एक जण गोलपोस्ट सोडून सरळ चेंडूवर धावत जातो, ताई. मार त्याच्या नडगीवर बसतो, बाकीचे वाचतात. इतकी वर्षं ती धाव तू घेतलीस. आता मी घेतो."

आणि तो गेला. पूर्वी असा प्रसंग आला असता तर मित्रांत जाऊन बसला असता, नवी मैत्रीण शोधली असती. आता तो रोज सराव आटोपला की चष्म्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसू लागला. ती बोलत नसे. तो बसे आणि दुकान बंद झालं की घरी येई. ताई आशेने बघे, तो नकारार्थी मान हलवी आणि भांडी घासायला घेई. संघातले हसत, "वादळाचा वारा पडला!" म्हणत. त्याने ते हसू अंगावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर जाऊन बसला. एकदा त्याने हळूच येऊन सांगितलं, "आज तिने चहा दिला. नुसताच ठेवला, बोलली नाही. पण दिला!" एवढा मोठा गडी, पण चहाच्या कपावर असा हरखला होता, की ताईने तोंड फिरवून डोळे पुसले.

दिवस असे चालले असताना एका दुपारी कोच तावातावाने गोदामात शिरले.

"ताई, भावाचं डोकं ठिकाणावर आहे का? राष्ट्रीय संघाच्या कॅम्पला बोलावलंय त्याला! या वयात पुन्हा बोलावणं येत नसतं. आणि हा पठ्ठ्या मला सांगतो, जमणार नाही. कारण विचारलं तर मूग गिळून गप्प!"

ताईच्या हातातून जाळी गळून पडली. ज्या कॅम्पचं नाव तिने हजारदा खोटं घेतलं, तो खरोखरच्या पावलांनी दाराशी आला होता, आणि पोराने त्याला परत पाठवलं होतं! कारण तिला विचारायची गरजच नव्हती. आपण गेलो आणि ते वाक्य पुन्हा त्या मुलीच्या कानावर पडलं तर... याच भीतीने! ताई उठली. भावाने तिला जायला मनाई केली होती, पण आता ती कुणाचं ऐकणार नव्हती.

दुकान लहानसंच होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात ओळीने फ्रेमा, आणि आडोशाला काच घासायचं यंत्र गुरगुरत होतं. चष्मेवालीने ते बंद केलं आणि ओले हात पुसत बाहेर आली.

"मी त्याची..."

"ओळखलं. त्या दिवशी तुम्ही मला पाहिलं नाहीत. मी पाहिलं होतं तुम्हाला."

ताईची मान खाली गेली. पण मागे हटायला ती आलीच नव्हती. "मुली, चूक माझी. त्याने मला बजावून सांगितलं होतं की आता खोटं बोलायचं नाही. सवयीने बोलून गेले. त्याचा यात काडीचाही दोष नाही."

"पण तो तर म्हणाला, त्यानेच तुम्हाला तसं सांगून ठेवलं होतं. ताईला बोल लावू नकोस, म्हणाला."

"खोटं बोलला मेला!" ताई कळवळली.

चष्मेवालीच्या ओठांवर हसू आलं, पण डोळे भरले होते. "आजवर तुम्ही त्याच्यासाठी खोटं बोलत होतात, आता तो तुमच्यासाठी बोलला. तुमच्या घरात खरं बोलतं कोण, ताई?"



"एक विचारू? त्याच्या भानगडी त्याच्या. दारात उभं राहून तुम्ही खोटं का बोलत होतात?"

"माझ्या हाताखाली वाढलेलं पोर... त्याला पाठीशी घालायचं, एवढंच..." ताई म्हणाली, आणि थांबली. ते उत्तर तिने स्वतःला इतक्या वर्षांत कितीदा तरी दिलं होतं. पण त्या मुलीच्या स्थिर, स्वच्छ नजरेपुढे ते पहिल्यांदाच अपुरं पडलं. आई गेली, वडील घर सोडून गेले, तेव्हा छोट्या नऊ वर्षांचा होता. ताईचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा घरी येऊन म्हणाला, भावाला वसतिगृहात ठेवू. ताईने त्याला त्याच पावली परत पाठवलं आणि दाराची साखळी लावली... ती साखळी तिने मनातून पुन्हा कधी काढलीच नव्हती!

"मला भीती वाटायची," ती पुटपुटली. "त्या मुलींतली एखादी राहायला येईल, अशी भीती! माझं म्हणून जे काही होतं ते तो एकटाच होता, गं. त्यांना वाईट वाटत असेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघायचंच टाळलं... तुझ्याकडेही."

ती हमसून हमसून रडू लागली. चष्मेवालीने तिला बाकावर बसवलं. नेमका तेव्हाच भाऊ दारात आला, रोजच्यासारखा, खांद्यावर स्टिक घेऊन. आपल्या रोजच्या जागेवर ताईला बघून तो थबकला.

"ताई? तुला सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून?"

"तू कॅम्पला नाही म्हणालास?" ताई उसळून उठली. "यासाठी मी जन्म घालवला?"

चष्मेवालीने झटकन त्याच्याकडे पाहिलं. "कुठला कॅम्प?"

तो खाली बघत राहिला. "राष्ट्रीय संघाचा. खरा आहे. पण मी गेलो तर तू पुन्हा तेच ऐकशील. मला कॅम्प नको. मी इथेच बसेन, तू हो म्हणेपर्यंत."

"कोणाला विचारून ठरवलंस?" तिचा आवाज चढला नव्हता, पण त्याला एकदम धार आली. "पूर्वी न सांगता जायचास, आता न सांगता राहणार! मला विचारायचं तुला दोन्हीकडे सुचलं नाही. उद्या म्हातारपणी गुडघे दुखले की म्हणशील, हिच्यापायी कॅम्प सोडला. मला ते ऐकायचं नाही. तुमच्या घरात आधीच एक त्याग झालाय, अजून फिटला नाही. दुसरा मला नको!"

ताई चपापली. "तुला कोणी सांगितलं ते?"

"मी सांगितलं," भाऊ म्हणाला.  "मला ठाऊक होतं, ताई. तो माणूस आला तेव्हा मी दाराआड उभा होतो. सगळं ऐकलं. तेव्हापासून कोणी माझ्यासाठी जरा काही सोडलं की छातीवर दडपण यायचं, पळून जावंसं वाटायचं... आणि मी पळायचो. तुझ्यापासून पळता येत नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांपासून पळालो. लाज वाटते आता."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने ती गोष्ट काळजाच्या तळाशी लपवून ठेवली होती, त्याला ओझं होऊ नये म्हणून. आणि ते ओझं तो नऊ वर्षांचा असल्यापासून मुकाट वाहत होता! तिने हात पुढे केला. त्या दाराएवढ्या उंच माणसाने आपलं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं आणि तो लहान पोरासारखा रडला.

चष्मेवालीने दोघांना पोटभर रडू दिलं. मग दुकानाचा फोन उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"कोचना लाव. येतो म्हणून सांग. आणि डोळ्यांचंही सांग. चष्मा लावून खेळणार, म्हणावं. घेणार असतील तर तसं घेतील."

"नाही घेतलं तर?"

"तर इथे येऊन मला तसं सांग. मला एवढंच हवंय, छोट्या. जाताना सांगून जायचं, आणि येणार म्हटलं की यायचं. बाकीचं तू आल्यावर बोलू."

तिच्या तोंडून 'छोट्या' ऐकून ताईने चमकून मान वर केली. ते नाव आजवर तिचं एकटीचं होतं; तरी तिने फोन स्वतःच भावाच्या हातात दिला.

त्याने फोन लावला. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. कोच बराच वेळ ओरडत होते, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. आणि मग एकदम हसले.

जायच्या दिवशी तो आधी दुकानात गेला, परत कधी येणार ते सांगितलं, मग घरी येऊन ताईला सांगितलं, आणि कोपऱ्यावरून मागे वळून पुन्हा एकदा ओरडून सांगितलं. "कळलं रे बाबा! साऱ्या गल्लीला कळलं!" ताई खिडकीतून ओरडली, आणि खिडकी लावून मोकळेपणाने रडली.

घर सुनं झालं. ताई पुन्हा जाळ्या घेऊन बसू लागली, पण आता जाळ्यांना नवी भोकं पडत नव्हती, कारण फाडणारा इथे नव्हता.

एका रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. जाळी खांद्यावर, गाठ बोटांत अडकलेली, तशीच ताई उठली आणि साखळीच्या फटीतून सवयीने म्हणाली,

"तो कॅम्पला गेलाय..."

म्हटलं आणि तिने स्वतःच जीभ चावली. मग तिने गाठ तशीच सुटू दिली आणि मान वर केली. दारात चष्मेवाली उभी होती. पहिल्यांदाच ताईने तिचा चेहरा नीट पाहिला. हनुवटीवर एक जुना व्रण होता, आणि जिना चढून आल्यामुळे तिला किंचित धाप लागली होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे आलेय, ताई."

या दाराची घंटा इतक्या वर्षांत ताईसाठी कधी वाजलीच नव्हती.  घाईत साखळी अडकून बसली. ती दोन्ही हातांनी ओढून तिने काढली, दार सताड उघडलं आणि दुसऱ्या खुर्चीवर पसरलेली जाळी उचलून खाली ठेवली.