चाक कोणी बसवलं?

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ही ऐकीव गोष्ट नाही. मी त्या खोलीत होते.

१९९२ साल. भिवंडी. दिवाळी नुकतीच संपलेली, शुक्रवारची दुपार. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, त्यामुळे एरवी खटखटणारं गाव अगदी गप्प. त्यात वीजही गेलेली.

माझे वडील, अण्णा, दातांच्या कवळ्या बनवायचे. घराच्या माडीवर त्यांची लॅब होती. कवळी घासायला मोटरवर दगडी चाक लावायचे. नवं चाक आधी बोटावर लटकवून हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर आत तडा आहे, फेकून द्यायचं. या नियमावरून अण्णांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

दसऱ्यानंतर तसलंच एक नवं चाक फिरता फिरता फुटलं.

तुकडा केसरीनाथच्या कपाळात घुसला. कोन गावचा हा कारागीर कित्येक वर्षं आमच्याकडे होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो गेला.

चाक त्यानेच बसवलं, तेही न ठोकता, असं अण्णांनी सगळ्यांना सांगितलं. तेव्हा लॅबमध्ये ते दोघंच होते. आम्हीही अण्णांचं खरं मानलं. कोनमध्ये लोक केसरीनाथला बेफिकीर म्हणू लागले.

त्या दुपारी त्याची आई आली. आक्का. त्यांना कमी ऐकू यायचं. मी चहा घेऊन वर गेले, तेव्हा त्या अण्णांच्या समोर बसल्या होत्या. मागे मोटरची खोली. अपघातापासून तिला कुलूप होतं.

"चाक त्यानंच बसवला व्हता काय?" आक्कांनी विचारलं.

अण्णा "हो" म्हणाले.

आणि आतून आवाज आला...

बद्द.

दगडावर लाकूड ठोकल्याचा. मला वाटलं, मांजर असेल.

पुन्हा... बद्द.

अण्णांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. त्यांनी तो पुसलाही नाही.

मग आत मोटर सुरू झाली...

डोक्यावरचा पंखा बंद होता. दिवा बंद होता. मोटर मात्र घुर्रर्र फिरत होती. थोड्या वेळाने हळूहळू थांबली.

अण्णा दाराकडे बघत पुटपुटले, "घाईत होतो रे. वाजवून बघायचं राहिलं. तू तरी बघायचंस."

म्हणजे चाक अण्णांनीच बसवलं होतं. केसरीनाथ कसा बघणार? अण्णांनी स्वतः बसवलेलं चाक पुन्हा तपासणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं तो मानायचा.

"काय म्हनलात?" आक्कांनी विचारलं.

एकच वाक्य मोठ्याने बोलायचं होतं. तेवढ्याने पोरावरचा डाग गेला असता.

"काही नाही," अण्णा म्हणाले.

आक्का उठल्या. त्यांनी हात जोडले. "माजे पोरानं तुमचा आयकला न्हाय. त्याचे वतीनं माफी मांगते."

"असू दे," अण्णा म्हणाले.

असू दे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या बापाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आक्का जिना उतरल्या. मी धावत मागे गेले. गल्लीत त्यांना गाठलं आणि कानाशी ओरडून सांगितलं, "आक्का, चाक अण्णांनी बसवलं होतं."

त्या जराही दचकल्या नाहीत.

"ठाव हाय मना. तुजे बापाचे तोंडून आयकाला आलेली."

"पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

आक्का गटाराच्या कडेला थोड्या सरकल्या. शेजारी एका माणसापुरती जागा सोडली...

"चल रं," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे बघत नव्हत्या.

अण्णा पुढे बरीच वर्षं जगले. लॅबचं नाव झालं. आक्कांना सगळं ठाऊक होतं, हे सांगायला मी कितीदा अण्णांसमोर बसले, पण जीभ उचलली नाही. आजही कल्याणला जाताना कोन आलं की मी मान खाली घालते. रस्त्याच्या कडेला कोणी आपल्याकडे बघत असेल, असं वाटत राहतं.