बिनफटीचा डेक

नाथसागरातल्या टेकाडावर अडकलेल्या बिरूमामाच्या मेंढ्या, टेकाड बुडायच्या आत काठाला आणायच्या, एवढ्यासाठी आम्ही निघालो. आमच्याकडं थेंबही पडला नव्हता. पाऊस नाशिककडं झाला, धरण चढलं आणि टेकाडाची वाट इकडं पाण्याखाली गेली! मामाचं सगळं धन पलीकडं.

नाव होती कडूबा आजोबांची. मासेमारी सोडल्यापासून ती काठाला भिजत पडलेली. डेकाच्या फळ्या इतक्या कुजल्या होत्या, की माझी टाचच आत गेली. मेंढ्या कुठं उभ्या करणार? आम्ही मोडक्या बैलगाडीच्या कोरड्या फळ्या आणल्या.

"बिऱ्या, फळ्यांमधी बोटभर फट ठेव," आजोबा म्हणाले.

"मेंढीचा पाय अडकून मोडंल की! तुमच्या माशांना पाय नसत्यात, म्हणून भागतं तुमचं."

मी हसले आणि मामाच्या बाजूनं हातोडा उचलला. फळीला फळी अशी भिडवली, की सुई शिरेना. काय रुबाब होता त्या डेकाचा! रात्रभर नाव पाण्यात राहिली, लाटा डेकावर येत राहिल्या.

सकाळी वल्ही मारत निघालो. बुडालेल्या बाभळींचे शेंडेच पाण्यावर उरले होते, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, आणि ऊन असं स्वच्छ, की पूर आलाय हे कुणाला पटलं नसतं.

कट्!

खिळा उडाला. मग दुसरा. डेक मधोमध उंटाच्या पाठीसारखा वर आला! फुगलेल्या फळ्या दोन्ही कडांना रेटू लागल्या. कड उचकटली. पाणी आत आलं!

"आता परत," आजोबा म्हणाले.

"परत नाय! मेंढ्या बुडतील!" मामा ओरडला.

पावसाळ्यात आमच्या न्हाणीचं दार फुगून असंच अडकतं. बाबा त्याची कड तासतात. इथं रंधा नव्हता, पहार होती. मी ती मधल्या फळीखाली घातली आणि तिच्या टोकाला लोंबकळले. फळी सुटली! बाकीच्या खाली बसल्या. मामानं खिळे ठोकले, कडेच्या भेगेत घोंगडीच्या चिंध्या कोंबल्या. पाणी थांबलं.

पण फळीएवढी खिंड उरली.

"आता मेंढीचे चारी पाय यात जातील," मामा म्हणाला.

"मी बसते की तिथं!"

मी खिंडीत पाय सोडून बसले आणि टेकाडाला लागताच म्होरकी मेंढी मांडीत घेतली. ती बसली म्हणताच बाकीच्या मुकाट तिच्याभोवती उभ्या राहिल्या. माझे पाय तळाच्या गार पाण्यात. मामा टेकाडावरून मेंढ्या चढवायचा. म्होरकीला नावेतच ठेवून मी आणि आजोबा फेऱ्या मारायचो. काठावर उतरवलेल्या मेंढ्या मामी सांभाळत होती.

शेवटच्या फेरीला टेकाड दिसेना. मामा कमरेएवढ्या पाण्यात, खांद्यावर कोकरू. दोन मेंढ्या त्याच्या भोवती पोहत होत्या. आजोबांनी त्यांना कानाला धरून ओढलं. मामाला जागा उरली नाही. कोकरू नावेत देऊन तो मागं दोर धरून लोंबकळत आला.

काठाला म्होरकीनं उडी मारली. मागोमाग सगळ्या.

मामा चिखलात बसला. "कडूबा, पुढल्या बारीला फट ठेवू."

"पुढल्या बारीला? अरे, आता तरी मेंढ्या काठावरच चार!"