तेवीस किलोमीटर, इंजिनाशिवाय

आमचा ट्रक इंजिनाशिवाय तेवीस किलोमीटर चालून घरी आला.

आता हे विसरा. असं काही झालंच नाही. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर 'वाहन टोचन करून नेले' असं लिहिलंय आणि खाली गोल शिक्का आहे. माझ्यापेक्षा शिक्का खरा, हे मला मान्य आहे.

तरी जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो. शंभर टक्के खरं आहे. मी स्वतः केबिनमध्ये होतो.

वार शुक्रवार. जागा सर्व्हिस सेंटरचं मागचं यार्ड. वेळ दुपारचे साडेचार.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते हे मला कळतं. पण सर्व्हिस सेंटर सहाला बंद होतं.

ट्रक माझ्या मामाचा. एकच ट्रक, त्यावर अख्खं घर. इंजिनाची वॉरंटी तीन लाख किलोमीटरपर्यंत होती. इंजिन गेलं तेव्हा मीटरवर आकडा होता ३,००,०२२.

बावीस किलोमीटर. एवढं तर माणूस चप्पल घालून चालत जातो.

मामाची एक सवय आधी सांगायला हवी. ट्रक उभा केला की तो इंजिन लगेच बंद करत नाही. दोन मिनिटं तसंच चालू ठेवतो, गार होऊ देतो. मग डॅशबोर्डवर दोनदा थोपटतो आणि म्हणतो, "बस. झोप आता." मगच चावी फिरवतो. मामी म्हणते, एवढ्या प्रेमानं माझ्याशी कधी बोलला नाही हा माणूस.

त्या दिवशी मात्र चढावर धाडकन आवाज झाला. आतला रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. मुठीएवढं भोक. इंजिन जागच्या जागी बंद.

ना दोन मिनिटं. ना थोपटणं. ना "झोप आता".

हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर कायम टाय घालायचा, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो.

"काका, इंजिन मेलंय," तो म्हणाला.

"मग नवीन दे. वॉरंटीत."

"वॉरंटी संपली ना, काका."

"बावीस किलोमीटरनी?"

"संपली म्हणजे संपली."

मग त्यानं नवीन इंजिनाची किंमत सांगितली. मामा हसला. म्हणाला, "एवढ्यात मी जुना ट्रक घेईन. त्यात इंजिन असतं."

टायवाला हसला नाही. त्यानं एक कागद काढला. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे इंजिन निकामी.' मामानं सही केली तरच ट्रक यार्डाबाहेर जाणार. आणि सही केली की भांडण कायमचं बंद. वर कुणाकडे दादही मागता येणार नाही.

"मी ऑइल एक दिवसही उशिरा बदललेलं नाही," मामा म्हणाला. "सही केली तर इंजिनाला मीच मारलं असं होईल."

आणि तो जाऊन आपल्या ट्रकमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्याही. सकाळी नऊला डबा घेऊन यायचा, इंजिन काढलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसायचा, सहाला उतरायचा. नोकरीसारखं. मामीनं मला त्याच्यासोबत पाठवलं, मामानं कुणाला मारू नये म्हणून. माझं वजन पन्नास किलो आहे. मामीनं काय विचार केला असेल, देव जाणे.

बुधवारी पहिली गोष्ट झाली.

इंजिन शेडमध्ये स्टँडवर होतं. म्हणजे नुसता ब्लॉक. आतलं सगळं काढून ट्रेमध्ये मांडलेलं. तिथल्या मिस्त्रीची एक पद्धत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा. डॉक्टरसारखं. त्यानं सवयीनं रिकाम्या ब्लॉकला टोक लावलं...

काढलं.

कान पुसला.

पुन्हा लावलं...

"काय झालं, मिस्त्री?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मस्त चालतंय."

तो हात धुवायला गेला आणि त्या दिवशी परत आलाच नाही.

गुरुवारी मी चहाचा ग्लास त्या ब्लॉकवर ठेवून विसरलो. तासाभरानं आठवलं. चहाला वाफ येत होती...

ब्लॉकला हात लावला. भाजला.

टायवाला म्हणाला, ऊन लागतंय. शेडला छप्पर होतं.

शुक्रवारी साडेचारला टायवाला कागद घेऊन स्वतः ट्रकच्या पायरीवर चढला. "काका, शेवटचं सांगतो. सही करा. नाहीतर सोमवारी गाडी भंगारात काढायची नोटीस लावतो."

"लाव," मामा म्हणाला. "मी आत बसलेला असताना काढ. माझंही वजन धर."

आणि तेव्हा...

डॅशबोर्डवरचा हवेचा काटा हलला.

ट्रकचे ब्रेक हवेवर सुटतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर असतो. आणि इंजिन चाळीस पावलांवर शेडमध्ये होतं, भोक पडलेलं.

काटा वर चढत होता.

"हात लावलास का कशाला?" मामानं मला विचारलं.

"मामा, मी आजवर कशालाच हात लावलेला नाही. घरी विचार."

फुस्स...

ब्रेक सुटले.

टायवाल्याच्या हातून पेन पडलं. मागोमाग तो उतरला. पडला म्हणा.

आमच्या पायाखाली, जिथे नुसती मोकळी जागा होती, तिथे आवाज सुरू झाला. आधी खोकला. मग धडधड... धडधड... एकसारखी.

मामानं चावी खिशातून काढून मला दाखवली. मग परत खिशात ठेवली. हाताची घडी घातली.

ट्रक निघाला.

गेटपाशी तो आपणहून थांबला. शिस्तीचा होता. वॉचमन यादी घेऊन आला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं सामान तो तपासायचा.

"स्टेपनी?"

"आहे," मामा म्हणाला.

"जॅक?"

"आहे."

"इंजिन?"

मामानं शेडकडे बोट दाखवलं. "ते तिकडं आहे."

वॉचमन वाकला. केबिनखालून त्याला पलीकडचं गवत दिसलं असावं. तो बराच वेळ वाकलेला राहिला. मग त्यानं रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि बांबू वर केला. ते पान आता रजिस्टरमध्ये नाही.

रस्त्यावर गिअर आपणहून पडत होते. स्टिअरिंग आपणहून वळत होतं. मी दाराची कडी धरून बसलो होतो.

"मामा... मीटर बघ."

मीटर उलटा फिरत होता. ३,००,०२१. ३,००,०२०.

मग तो चढ आला. तोच. जिथे धाड झालं होतं.

आवाज जड झाला... दम लागल्यासारखा... वेग कमी... अजून कमी...

मागे गाड्यांचे हॉर्न.

मामाची घडी पहिल्यांदाच सुटली. तो पुढे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ओढ. सही केलेली नाही मी. ओढ."

ट्रक चढ चढला.

घराच्या वळणावर हॉर्न दोनदा वाजला. मामा मामीला फाटक उघडायला सांगण्यासाठी असाच वाजवतो. मामाचे हात मांडीवर होते.

मामीनं फाटक उघडलं. "आज लवकर? झालं काम? इंजिन बसवलं?"

"अजून यायचंय," मामा म्हणाला.

ट्रक नेहमीच्या जागी थांबला. मीटरवर २,९९,९९९.

वॉरंटीत.

पण आवाज थांबला नाही. एक मिनिट... दोन मिनिटं... धडधड चालूच. वाट बघत असल्यासारखी.

मामाचा हात डॅशबोर्डकडे गेला. अर्ध्यातून परत आला.

"मामा, म्हण ना," मी म्हणालो. "झोप आता, म्हण. आपण मेलोय हे त्याला माहीतच नाहीये."

"मी नाही म्हणणार. मेलंय म्हणून ज्यांनी शिक्का मारला, त्यांनी म्हणावं."

आणि तो उतरून हात-पाय धुवायला गेला.

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला. "ब्लॉक गार पडलाय. कान लावून बघितलं. आत काहीच नाही..." मग जरा थांबून, "तुमच्याकडे आलंय का?"

मी ट्रककडे बघितलं. केबिनखालच्या मोकळ्या जागेतून जमिनीवर ऑइलचा एक थेंब पडला.

"आलंय," मी म्हणालो.

याला सहा आठवडे झाले. मीटरमध्ये फेरफार केला म्हणून कंपनीनं दावा फेटाळला. मामानं सही केलेली नाही. ट्रक अंगणात चालू आहे. टाकीत डिझेलचा थेंब नाही. माझ्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे, काच दिवसरात्र थरथरते. परवा पहाटे आवाज थोडा बदलला, कुणीतरी ॲक्सिलरेटर हलकेच दाबून बघावा तसा...

मी बाहेर गेलो नाही. टेबलाशी बसून हे पत्र लिहिलं.

प्रति, वॉरंटी विभाग. विषय: मृत इंजिनास सूचना देणेबाबत. महोदय, सदर इंजिन आपल्या शेडमध्ये मृत असून आमच्या अंगणात चालू आहे. ते २,९९,९९९ किलोमीटरवर, म्हणजे मुदतीत, चालू असल्याने ते बदलून मिळावे. ते शक्य नसल्यास, त्याचा मृत्यू आपणच घोषित केला असल्याने, आपला अधिकृत प्रतिनिधी कार्यालयीन वेळेत पाठवून, डॅशबोर्डवर दोनदा थोपटून, ही बाब सदर इंजिनास समक्ष कळवावी व त्याची पोच घ्यावी, ही नम्र विनंती. प्रतिनिधीने येताना टाय घातला तरी चालेल.