खंडेनवमीच्या अक्षता आणि अडखळणारी गाय

पहिली दहा मिनिटं आमच्या गावातली गाय झकास चालायची. अकराव्या मिनिटाला मात्र तिचा उचललेला पाय उचललेलाच! हे कोडं काही केल्या मला सुटेना.

गाव म्हणजे संगणकावरच्या खेळातलं हो. गोष्ट २०४१ सालची. मी, इरावती, दहा वर्षांची. निनाददादा अन् मी चार वर्षं खपून ते गाव वसवलं होतं. दादा शिकायला लांब गेला होता. दिवाळीत तो आला की आम्ही गावाची जत्रा भरवणार होतो. आणि बाबा म्हणतात कसे, "डबा झालाय या संगणकाचा. रविवारी भंगारात देऊ, नवा आणू." नव्या संगणकावर तो जुना खेळ चालणारच नव्हता! मी भोकाड पसरलं.

शेवटी मामाआजोबा आले. हे आजीचे भाऊ, वेधशाळेतली यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले.

"रडतेस काय? आधी सांग, हे कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"असं होय!" म्हणत त्यांनी स्क्रू काढले. आत पंखा अडकला होता. पात्यांत झेंडूच्या पाकळ्या अन् कुंकू लावलेल्या अक्षता!

माझं तोंड एवढंसं झालं. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी दादा नसल्यामुळे ती माझ्याकडे होती. संगणकाला उदंड आयुष्य मिळावं म्हणून मी वरच्या जाळीतून चांगल्या मूठभर अक्षता वाहिल्या होत्या.

"मीच मारलं त्याला," मी म्हटलं.

"मेला नाही गं, तापलाय. प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) काम करताना गरम होतो. पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. पंखाच अडकला, तर जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर आपला वेग कमी करतो. तू उन्हात दमलीस की सावलीत टेकतेस ना, तसं. तापायला त्याला दहा मिनिटं लागतात."

आम्ही ब्रशने सगळं झाडून काढलं. गाय चालू लागली! पण जत्रेसाठी सगळं गाव पडद्यावर आणलं, की पुन्हा अडखळायची.

"हे दुखणं निराळं," मामाआजोबा म्हणाले. "रॅम (चालू कामाचं सामान ठेवायची तात्पुरती जागा) म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की आई सारखी कपाटाकडे पळते, आणि वेळ जातो. तुमचं गाव वाढलं, ओटा तेवढाच राहिला."

शनिवारी जुन्या बाजारातून आम्ही वापरलेली रॅमची पट्टी आणली. तिची खाच आमच्या संगणकाशी जुळते का, हे त्यांनी मलाच तपासायला लावलं. बसवतानाचा तो 'टक्' आवाज अजून कानात आहे. रविवारी भंगारवाला आला, तेव्हा बाबा स्वतःच गाय हाकत बसले होते! त्यांनी त्याला रिकाम्या हाती परत पाठवलं.

आणि दिवाळीत आमची जत्रा भरली.

आज मी चंद्रावरच्या तळावर यंत्रं दुरुस्त करते. इथे नवं यंत्र वर्षातून एकदाच येतं, म्हणून आम्ही जुनी उघडतो, झाडतो, हवा तेवढाच भाग बदलतो. मामाआजोबा आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. खंडेनवमीला मी इथेही पूजा करते, पण अक्षता ताटलीतच ठेवते. मग दादा पृथ्वीवर त्याच जुन्या संगणकावर गाव उघडतो, मी इथून त्याला जोडून घेते, आणि नव्या विहिरीची जागा ठरवताना आम्ही अजून भांडतो.

गाय? चालतेय की!