ब्रेकमधली हवा

आधी हॉर्न ऐकू आला. तुटक तुटक नाही... एकच, लांब, थांबायचं नाव न घेणारा.

वाघेरा घाटाच्या पायथ्याशी एसटी पंक्चर झाली होती आणि सगळे प्रवासी खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे होते. मंजुषा गांगुर्डेही त्यांच्यातच होती. हरसूलच्या शाळेत ती गणित शिकवायची, रोज नाशिकहून जाऊन-येऊन. हॉर्नच्या दिशेने तिने मान वळवली. शेवटच्या वळणावरून एक छोटीशी, उघड्या टपाची लाल गाडी सुसाट खाली येत होती आणि आतला तरुण जिवाच्या आकांताने ओरडत होता —

"सरका! ब्रेक लागत नाहीये! सरका, सरका!"

लोक पांगले. मंजुषाचे पाय मात्र जागचे हलेनात. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात गाडी धाडकन घुसली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. लाल धुरळा उठला. मग एकदम सगळं शांत.

"लागलं का तुम्हाला?" तो कसाबसा उतरून आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही. तुम्हाला?"

"मला... अजून कळलेलं नाही."

मग लोकांनी त्याला घेरलं. ज्याच्या तोंडाला जे आलं ते त्याला ऐकवलं, आणि त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याने पाण्याची बाटली मंजुषापुढे धरली, पण ती कलंडून निम्मं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं.

"अरेरे... हेही माझ्याच हातून व्हायचं होतं," तो पुटपुटला, आणि एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही तिला हसू फुटलं.

तो ललित पिंगळे. मखमलाबादचा. घरचे गुलाबाचे मळे, आणि स्वतः अंबडच्या एका कारखान्यात डिझायनर. दुसरी एसटी आली तेव्हा त्याने घाईघाईने तिचा नंबर मागून घेतला. "मुका मार असतो कधी कधी. दुखायला लागलं तर सांगा मला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला : दुखतंय का?

नाही, तिने लिहिलं. पण भीती वाटते. आज घाटात डोळे मिटून बसले होते.

तिकडून एकच शब्द आला : मलाही.

त्या एका शब्दाने काय केलं कोण जाणे! मेसेजचे फोन झाले, आणि एका रविवारी ती मखमलाबादला मिसळ खायला गेली. मिसळ झाल्यावर तो तिला मळ्यात घेऊन गेला. गुलाबाच्या शेडनेटशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ती लाल गाडी चाकं काढून ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. तिला पाहताच मंजुषा दारातच थबकली.

"गरिबाची स्पोर्ट्स कार," ललित म्हणाला. "दोनच सीट. कुणाकडे तरी धूळ खात पडली होती. ब्रेक ऑइल जुनं झालेलं, त्यात पाणी मुरलेलं. उतारावर तापून उकळलं. ते आधी बदलायला हवं होतं, आणि मी आधी फिरायला नेली."

"आता काय करणार तिचं?"

"ट्रॅक डेला नेणार." सिन्नरच्या पुढे माळावर एक खासगी ट्रॅक होता. तिथे ठरलेल्या दिवशी आपली गाडी नेऊन मनसोक्त पळवता यायची. समोरून वाहन नाही, रस्त्यात माणूस नाही.

"जिला थांबता येत नाही, तिला पळवायला नेणार?"

"म्हणून आधी थांबायला शिकवतोय. शिकवणं तुमचं काम... मदत कराल?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण त्याने गाडीचं दार उघडून धरलं, आणि ती बसली.

ऑइल बदलताना ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाच्या जागी वाकून नळीचा स्क्रू सैल करायचा. पहिल्यांदा पाय पेडलवर ठेवताना तिच्या तळव्याला घाम आला.

"दाबा," खालून आवाज आला.

"दाबलं."

"धरून ठेवा... सोडू नका हं."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि तुम्ही सांगितलंच नाही तर?"

खाली स्क्रूवरचा पाना थांबला. मग — "तर फार बरं होईल."

तिचे कान तापले. पाय मात्र तिने सोडला नाही.

पुढचे रविवार असेच गेले. नवे पॅड बसले, रबरी नळ्या बदलल्या, गाडी उलटली तरी डोकं वाचावं म्हणून सीटमागे लोखंडी कमान आली, खांद्यावरून येणारे पट्टे आले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण गाडी जसजशी तयार होत गेली, तसतशी मंजुषाची झोप उडत गेली. शाळेत फळ्यावर लिहितानाही मध्येच तो हॉर्न कानात वाजायचा, आणि आता गाडीसमोर ती नसायची... गाडीत तो असायचा.

ललितची आई, कुसाबाई, फुलांच्या जुड्या बांधता बांधता एके दिवशी तिच्याजवळ सरकली. "पोरी, माझा जीव लय घाबरा होतो गं. मी सांगून दमले. त्याचं तुझ्यावर मन हाय, मला दिसतंय ना. तू त्याला गाडी घिऊन जाऊ नको म्हण. तुझं ऐकंल त्यो."

मंजुषा शेडमध्ये गेली. ललित चाकांचे नट आवळत होता. आवळलेलेच पुन्हा.

"ललित, नको जाऊस."

त्याने पाना खाली ठेवला. "तू म्हणशील तर नाही जाणार."

एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचा चेहरा पाहून तिला बरंही वाटेना. "खरं सांग, तुला का जायचंय?"

तो फडक्याने हाताचं ग्रीस पुसू लागला. "त्या दिवसानंतर मी कुठलीच गाडी चालवलेली नाही. कामावर बसने जातो. रोज तेच दिसतं... मी पाय दाबतोय, पेडल खाली चाललंय, आणि समोर तू. हलतच नाहीयेस." त्याने फडकं बाजूला टाकलं. "जिथे समोर कुणी नसेल अशा जागी मला एकदा जोरात जाऊन थांबून बघायचंय, मंजू. नाहीतर ही भीती जन्मभर माझ्या मानेवर बसेल."

तिने त्याचा ग्रीसने माखलेला हात हातात घेतला.

"जा," ती म्हणाली. "पण मी येणार."

टेम्पोवर लादून गाडी ट्रॅकवर आणली, तेव्हा पहाटवारा बोचरा होता. पहिल्या फेऱ्या ललितने इतक्या हळू मारल्या की मागच्या गाड्या भुर्रकन पुढे निघून गेल्या. मग हळूहळू गाडीचा आवाज चढत गेला. तारेच्या कुंपणाला धरून मंजुषा प्रत्येक फेरीला श्वास रोखायची, लाल ठिपका समोरून गेला की सोडायची.

आणि एका फेरीला तो आलाच नाही.

टेकाडापलीकडे टायर किंचाळले. धुळीचा लोट वर चढला. निळी गाडी आली, पांढरी आली... लाल नाही. कुणीतरी लाल झेंडा हलवला आणि कडेची अँब्युलन्स सुरू झाली.

मंजुषा धावत सुटली. कुंपणाच्या कडेकडेने, काट्याकुट्यातून, एका पायातली चप्पल मागे टाकून. 'मी जा म्हटलं... मीच जा म्हटलं...' एवढंच डोक्यात घणासारखं वाजत होतं.

टेकाडावर चढून तिने पलीकडे पाहिलं. वळणावर एक करडी गाडी गरकन फिरून आडवी पडली होती. तिच्या अलीकडे, सरळ रेषेत, लाल गाडी उभी होती. साधा ओरखडाही नाही. हेल्मेट काढलेला ललित करड्या गाडीतल्या माणसाला हात देऊन बाहेर काढत होता. त्या माणसाच्या कपाळाला खोक पडली होती, पण तो स्वतःच्या पायांवर चालत होता.

ललितने वर पाहिलं. अँब्युलन्सवाल्यांच्या ताब्यात त्या माणसाला देऊन तो कुंपणापाशी पळत आला.

"मंजू, तो एकदम समोर आडवा आला... मी दाबला, आणि थांबली! अगं, थांबली!" तो हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते.

"गप्प बस!" ती जाळीवर मूठ आपटत ओरडली. "एक शब्द बोलू नकोस. मला वाटलं तू... मला वाटलं..." पुढचं रडण्यात बुडून गेलं. मग ओढणीने नाक पुसून ती म्हणाली, "मी भित्री आहे. घाटाला भिते, तुझ्या गाडीला भिते. पण आत्ता या टेकाडावर धावताना कळलं, तू नसशील तर काय, याच्याइतकी भीती मला कशाचीच नाही. मला तू हवास. आता बोल."

"आता काय बोलू? सगळं तूच बोललीस." त्याने जाळीतून बोटं घातली. तिने ती घट्ट धरली. जरा वेळाने तो हळूच म्हणाला, "घरचे? तुमच्याकडे बुद्धवंदना, आमच्याकडे खंडोबाचं नवरात्र."

"तुझी आई?"

"ती मला विचारते, ती पोर कधी येणार म्हणून. तुझे बाबा?"

मंजुषाचे वडील भिमाजी, कडक माणूस. आजवर त्यांच्यापुढे तिने आवाज चढवला नव्हता. आत्ता नाही तर कधीच जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फोन काढला. नंबर लावताना बोट दोनदा चुकलं.

"बाबा... मी सिन्नरला आहे. एका मुलाबरोबर. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मंजुषाने डोळे गच्च मिटले.

"रविवार-रविवार मखमलाबादला जातेस, तोच का?" भिमाजींनी विचारलं.

"हो, बाबा."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"जेवायला घेऊन ये त्याला. आई भाकऱ्या टाकतेय. आणि पोरी, रडू नकोस, मी काही खात नाही त्याला."