आरशासारखे पिस्तूल

सुज्ञ वाचकहो, सरोवराकाठच्या हाऊकीलाहती गावी एका श्वानाच्या हत्येमुळे निरपराध वृद्धाची अब्रू कशी पणास लागली व खरा अपराधी कसा सापडला, तो वृत्तान्त मी यथामती येथे निवेदन करीत आहे.

मंगळवारी प्रातःकाळी इर्या नामक विधवेचा कुत्रा कुंपणाशी मृतावस्थेत आढळला. देहातून शिशाची गोल गोळी निघाली. काळी दारू ठासून उडवायच्या जुन्या पिस्तुलाची ती गोळी होती. आणि तशी पिस्तुले गावात दोघांकडेच. वृद्ध टाउनो आणि त्याचा शेजारी राइमो.

दुपारी पोलीस अधिकारी हिल्का प्रथम टाउनोच्या दारी गेली. त्याचे पिस्तूल काजळीने माखलेले होते.

"काका, कधी उडवलंत?"

"शनिवारी, नेमबाजीत. मग कंबर धरली. धुवायचं राहिलं, पोरी. लाज वाटते."

"गाव तुमचंच नाव घेतंय."

"ठाऊक आहे. परवाना काढून घेशील ना? आजोबांचं आहे गं ते. तो गडगडाट, तो पांढरा धूर... त्याच्यावाचून माझ्या शनिवारला काय चव?"

हिल्काने नळीत कापड फिरविले. ते तांबड्या गंजाने भरून आले.

राइमो आपल्या वाफेच्या न्हाणीघराबाहेर बसला होता. हिल्का भिंतीला टेकली. लाकूड उबदार होते.

"मंगळवारी न्हाणीघर तापवलंस? गाव तर शनिवारी तापवतं."

"पाठ दुखत होती. त्यालाही परवाना लागतो का, ताई?"

"पिस्तूल शेवटचं कधी उडवलंस?"

"जूनमध्ये." त्याने पिस्तूल तिच्या हाती दिले. "बघा, आरसा आहे आरसा! त्या म्हाताऱ्यासारखा गलिच्छ नाही मी."

"इर्याच्या कुत्र्यानं तुझ्या कोंबड्या खाल्ल्या?"

"खाल्ल्या. म्हणून काय मी..."

हिल्काने नळीच्या बुडाशी असलेली, ठिणगी आत नेणारी पोकळ खुंटी पान्याने काढली. आट्यांतून पाण्याचा थेंब तिच्या तळव्यावर ओघळला. तिने टाउनो व इर्या यांस तेथेच पाचारण केले.

"टाउनोकाका सुटले," ती म्हणाली. "सकाळी गोळी सुटली असती, तर गंज खरवडला जाऊन वर ताजी काजळी बसली असती. तिथं शनिवारची काजळी न धुतल्यानं धरलेला गंज तसाच आहे. राइमो, तुझं मात्र आजच धुतलेलं. जूनपासून न उडवलेलं पिस्तूल आज कढत पाण्यानं कशाला धुवायचं?"

"धूळ बसली होती."

"धुळीला फडकं पुरतं. कढत पाणी लागतं ते दारूच्या काजळीला. घरात धुतलं असतं तर भिजल्या काजळीचा कुजक्या अंड्यांसारखा वास बायकोच्या नाकात गेला असता. म्हणून इथं चूल पेटवलीस. मळकं ठेवलं असतंस, तर शनिवारची काजळी म्हणून खपलीही असती. पण तू शनिवारी नेमबाजीला आलाच नव्हतास. आणि काजळी राहू देणं तुला जमलंही नसतं."

राइमोचा चेहरा उतरला. "राहवलं नाही," तो पुटपुटला. "सकाळी धडाका झाला, अन् आधी नळीचीच काळजी वाटली."

"अन् माझ्या कुत्र्याची?" इर्याने विचारले.

हिल्काने पिस्तूल जप्त केले. टाउनोने तेवढ्यात सोबत आणलेले आपले पिस्तूल छातीशी घेऊन, कंबर धरीत, ते धुवायला न्हाणीघरातल्या कढत पाण्याच्या हंड्याकडे पाऊल टाकले.

"ताई," राइमो काकुळतीने म्हणाला, "चौकीत दमट असतं. ते परत न्यायला मी येईन तेव्हा येईन. तोवर त्याला तेवढं तेल लावत जा."

येथवर लक्ष देऊन वाचल्याबद्दल आपला अत्यंत ऋणी आहे.
गोविंद रामजी खोडके