बी बातूलीच्या खोलीतले कोनाडे

खोटं सांगून मला काय मिळणार? बातूली अजून जिवंत आहे. इथे केनियाच्या किनाऱ्यावर, लामू बेटावर, आमच्याच गल्लीत राहते. सगळं तिनेच मला सांगितलं, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

रात्रबित्र काही नव्हती. जे घडलं ते भर दुपारी, घरात माणसं असताना.

आमच्या जुन्या दगडी घरांत सगळ्यात आतली खोली फार अरुंद असते. छताला खारफुटीचे वासे. ते जेवढे लांब, तेवढीच खोली रुंद. त्यावर जुना उपाय म्हणजे भिंतीत कोनाड्यांच्या रांगा. प्रत्येक कमान आत जाताना थोडी निमुळती करायची. डोळा फसतो आणि भिंत लांब गेल्यासारखी वाटते.

बातूलीची आई मयासा, आमच्या बोलीत मानाने बी मयासा, दोन वर्षं त्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. दम्याने बेजार.

"बातूली, ही भिंत छातीवर येते गं. कोनाडे करून घे ना."

"करू गं आई. जरा धीर धर."

धीर धरण्यातच दोन वर्षं गेली.

रजब महिन्याच्या सुरुवातीला, रमजानला दोन महिने असताना, मोंबासाहून पाहुण्या आल्या. बातूलीच्या एकुलत्या एक मुलीला, शमसाला बघायला. शमसा वर स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत हलवा, कहावा, गप्पा. बातूलीने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं. म्हाताऱ्या आईला अशा अंधारात ठेवलेलं पाहुण्यांना दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. आजी झोपल्यात, असं सांगून ती मोकळी झाली.

आणि आतून हाक आली...

"बातूली... दार उघड..."

मुलाची आत्या, बी तौहीदा, कप हातात धरून थांबली. "कोण गं हाक मारतंय?"

"शेजारची म्हातारी," बातूली म्हणाली. "डोकं फिरलंय तिचं. दिवसभर कुणाकुणाची नावं घेत बसते."

पाहुण्या हसल्या. बातूलीही हसली.

हाक आणखी दोनदा आली.

मग आली नाही.

पाहुण्या गेल्यावर तिने दार उघडलं. आई गेली होती. उजवा हात भिंतीला टेकलेला होता, भिंत मागे ढकलत असल्यासारखा.

हे तिने तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. झोपेत गेली, एवढंच म्हणाली.

लग्न रमजानच्या आधी उरकायचं ठरलं होतं. आमच्याकडे नवरा मुलीच्या घरी राहायला येतो, म्हणजे ती खोली आता शमसाची. चुन्याचा गिलावा वाळायला तीन आठवडे तरी लागतात. म्हणून पाते बेटावरून गझाली गवंडी आला.

त्याने आधी एकच प्रश्न विचारला. "म्हातारीचं चाळिसावं झालं ना, बी बातूली? त्याआधी मी भिंतीला हात लावत नाही. गेलेल्याचा जीव चाळीस दिवस खोलीतच घुटमळतो."

"झालं की. कधीच झालं."

चाळिसाव्याला अजून पंधरा दिवस होते.

तिसऱ्या दुपारी गझाली बाहेर आला. दाढीला चुना लागलेला, चेहराही तसाच पांढरा.

"भिंतीपलीकडे कोण राहतं? सारखं खोकतंय."

"शेजारची म्हातारी," बातूली बोलून गेली.

भिंतीपलीकडे कुणीच राहत नव्हतं. तिथे गाढवं बांधतात.

गझालीने काम संपवलं आणि चहाही न घेता पाते गाठलं. कोनाडे सुंदर झाले होते. वीतभर खोल. गिलावा वाळल्यावर बातूलीने त्यांत चिनी मातीचे वाडगे मांडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधला वाडगा पुसायला तिने हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, तेव्हा वाडगा लागला.

तिसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत. गाल भिंतीला चिकटला होता. वाडगा तर नाहीच...

बोटांना कोमट वाफ लागली.

आत कुणीतरी धापा टाकत होतं.

ती भिंत मुळात हातभर जाडीची.

तिने झटकन हात काढला. बाहेर येऊन शमसाच्या मेंदीचं बघू लागली. सांगणार काय? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि लग्न मोडलं असतं.

लग्नाच्या दुपारी आम्ही सगळ्या बायका त्या खोलीत होतो.

"पूर्वी आठ जणी बसल्या की गुदमरायचं इथे," एक जण म्हणाली. "आज चाळीस बसल्यात!"

"गझालीला सांगा, माझं नाकही जरा लहान करून दे म्हणावं!"

हशा पिकला. आणि हशा संपता संपता...

"बातूली... दार उघड..."

आवाज भिंतीतून येत होता. पण फार लांबून. समुद्राच्या पलीकडून कुणी ओरडावं तसा.

बी तौहीदा हसत म्हणाली, "अगंबाई, शमसाला बघायला आलो तेव्हाची ती तुमची शेजारीण अजून तशीच हाका मारते का?"

"कुठली शेजारीण?" मी म्हणाले. "पलीकडे तर गाढवं बांधतात."

मी बोलायला नको होतं. आजही वाटतं.

शमसा आईकडे बघत होती. तिचा हात आईच्या हातात होता.

"आई... हा आजीचा आवाज आहे. त्या दिवशीही आजीच होती?"

बातूलीला अजून खोटं बोलता आलं असतं. तिने प्रयत्नही केला, ओठ हलले तिचे.

"हो," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं. तीनदा."

शमसाने हात सोडवून घेतला.

ती नवऱ्याबरोबर मोंबासाला निघून गेली. आमच्या गल्लीतली मुलगी लग्न होऊन आईचं घर सोडून गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. फोनसुद्धा करत नाही ती.

बातूली आता त्या खोलीतच राहते. दुपारी हाक येते. "आले गं आई," म्हणत ती उठते, कोनाड्यात हात घालते. हात पोचत नाही, असं म्हणते.

गेल्या आठवड्यात मी तिच्यासाठी ताट घेऊन गेले. दारातूनच हाक मारली. ती समोर चटईवर बसली होती, माझ्यापासून चार पावलांवर. तिने मान वर केली. ओठ हलले.

"आले..."

पण आवाज फार लांबून आला.

मी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि घरी आले. परत गेले नाही. जायला हवं, हे मला कळतं.